लिनक्स टाकताना रेड दिसत नाही, तेव्हा काय करावे?

व्यापारी बंधूंनो, 'रेड' हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी प्रत्येकाच्या छातीत धडधड होते. आज ज्या रेडविषयी लिहीत आहोत तिचा आयकर खात्याशी काही संबंध नाही. ही कॉम्प्युटरमधील रेड आहे आणि ती आपला हिशोब वाचवण्यासाठी असते. मात्र ऐन वेळी ती दिसेनाशी झाली तर धडकी तितकीच भरते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. तोच तजुर्बा येथे मांडत आहोत.

विषय आताच घेण्याचे कारण असे. विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. जळगाव, धुळ्याच्या बाजारात सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या कितीतरी मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. नवे मशीन घ्यायचे म्हणजे लग्नसराईचे भांडवल अडकवायचे. म्हणून घराघरातली शिकलेली मुले जुन्या मशीनवर लिनक्स टाकून देत आहेत. लिनक्स फुकट आहे आणि चांगले आहे. पण ज्या मशीनमध्ये आधीपासून हिशोब भरलेला आहे त्यावर ते टाकताना एक चूक वर्षांचे काम पुसू शकते.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. खतावणी आणि रोजमेळ वडिलांनी दुकानावर बसवून मराठीत शिकवले. कॉम्प्युटर मात्र गरजेने शिकलो. १ जुलै २०१७ पासून कापडावर जीएसटी आला तेव्हा लाल कापडाची वही मिटून पडद्यासमोर बसावे लागले. जळगावला आमचे घाऊक दुकान आणि धुळ्याला गोदाम व दुसरे दुकान. शिरपूर, साक्री, दोंडाईचा, अमळनेर, चोपडा येथील किरकोळ दुकानदारांची उधारी धुळ्याच्या मशीनवर नोंदवली जाते. कायद्याचेही बंधन आहे: जीएसटीची हिशोब-पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे जुने वर्ष गेले म्हणून विसरता येत नाही.

रेड म्हणजे काय?

पूर्वीच्या पेढ्यांवर एकच जमाखर्च दोन वह्यांत उतरवून एक वही दुकानात आणि एक घरी ठेवण्याची रीत होती. दुकानाला आग लागली तर घरची वही कामाला येई. कॉम्प्युटरमध्ये हेच काम दोन हार्ड डिस्क करतात. एका डिस्कवर लिहिलेले अक्षर त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. याला रेड-१ किंवा आरसा म्हणतात. एक डिस्क मेली तरी दुसरीवर धंदा चालू राहतो. ही कल्पना अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात सविस्तर मांडली. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा संच वापरावा, असा त्यांचा मुद्दा होता. व्यापाऱ्याला पटेल असाच तो आहे.

आता मुख्य गोम नीट ध्यानात घ्या. रेड तीन तऱ्हेची मिळते. एक, वेगळे कार्ड बसवून केलेली; ती महाग असते. दुसरी, मदरबोर्डच्या सेटिंगमधून चालू होणारी. ती बोर्ड आणि त्याच्या ड्रायव्हरच्या भरवशावर चालते. तिसरी, लिनक्स स्वतः सांभाळते ती सॉफ्टवेअर रेड. तिला कार्ड लागत नाही, मदरबोर्डच्या रेडचीही गरज नसते. तिचा सगळा कारभार 'एमडीएडीएम' नावाची आज्ञावली पाहते. ती ऑस्ट्रेलियाचे नील ब्राउन यांनी २००१ च्या सुमारास लिहायला घेतली आणि आजही लिनक्समध्ये तीच चालते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेच्या रेडचे नाव एकच, म्हणून घोटाळा होतो. आमचाही तेथेच झाला.

आमच्या दुकानात काय घडले

धुळ्याच्या मशीनमध्ये एक-एक टेराबाइटच्या दोन डिस्क सॉफ्टवेअर रेडमध्ये होत्या. त्यांवर फक्त हिशोब. लिनक्स प्रणाली तिसऱ्या, छोट्या एसएसडीवर होती. यंदा लग्नसराईच्या तोंडावर वीज वारंवार जात होती आणि एका सकाळी मशीन उठलेच नाही. बाजारातील एका मेकॅनिकला बोलावले. त्याने एसएसडी मेली असे निदान केले, ते बरोबरच होते. त्या जागी त्याने एनव्हीएमई नावाची, च्युइंगमच्या पट्टीएवढी नवी डिस्क बसवली. बोर्डवरची गोल बॅटरीही संपली होती. घड्याळ मागे गेले होते, तेवढे त्याने सरळ केले. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्सचा इन्स्टॉलर सुरू केला.

इन्स्टॉलरमध्ये नवी डिस्क नव्हतीच. दिसत होत्या त्या फक्त आमच्या जुन्या दोन डिस्क, त्याही एकत्र नव्हे, सुट्या सुट्या, आणि आत काय आहे याची काही ओळख नाही. खाली प्रश्न होता: पूर्ण डिस्क पुसून लिनक्स टाकायचे का?

मेकॅनिक म्हणाला, "शेठ, डिस्क कोऱ्याच दिसतात. एकीवर टाकून देतो. रेड पुन्हा बनवून घेऊ, आपोआप डेटा येईल."

आम्हाला त्यातले फार कळत नव्हते. पण कोरी वही आणि न वाचता येणारी वही यात फरक असतो एवढे कळत होते. आम्ही त्याचा हात धरला आणि जळगावला भाच्याला फोन लावला. तो बोलला, "मामू, कशालाही हात लावू नका. एंटर तर अजिबात दाबू नका. मशीन बंद करा, मी निघालो." एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचेपर्यंत आम्ही दुकानात बसून होतो. शिरपूरचे एक गिऱ्हाईक उधारी चुकती करायला आले, तर त्यांच्याकडे किती बाकी आहे हे आम्हालाच सांगता येईना. त्यांनी आपल्या चिठ्ठीवरचा आकडा सांगितला आणि तेवढे पैसे मोजले. सगळेच असे इमानदार भेटत नाहीत.

पहिली अडचण: मदरबोर्डची सेटिंग

भाच्याने आधी इन्स्टॉलर उघडलाच नाही. तो मशीन सुरू होताना येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात गेला. तेथे साटा नावाच्या ओळीत 'रेड' चालू होते. बॅटरी संपल्यामुळे बोर्ड आपल्या मूळ कारखानी सेटिंगवर परत गेला होता आणि त्या बोर्डाची मूळ सेटिंग रेड हीच होती. कित्येक तयार मशीनमध्ये ती तशीच येते. मेकॅनिकने ती पाहिली होती, पण आमच्या डिस्क रेडच्या आहेत म्हणून चालू राहू दिली. त्याचा विचार वरवर पाहता चूक वाटत नाही, हेच तर अवघड आहे.

इंटेलच्या बोर्डांवर ही सेटिंग चालू असली की एनव्हीएमई डिस्क त्या रेडच्या पडद्याआड जाते आणि लिनक्सला दिसत नाही. साध्या साटा डिस्क मात्र बहुधा दिसत राहतात. म्हणजे जी कोरी आहे ती लपते आणि जिच्यात हिशोब आहे ती पुसण्यासाठी पुढे येते! सेटिंग 'एएचसीआय' वर नेताच नवी डिस्क दिसू लागली. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडला एएचसीआयच हवे असते. काही इन्स्टॉलर या बाबतीत सूचना देतात, आमच्यासमोर ती आली नाही. मात्र त्याच मशीनवर विंडोज असेल तर ही सेटिंग घाईने बदलू नये, विंडोज सुरू होणे बंद होऊ शकते. आणि कोणी खरोखर बोर्डाचीच रेड वापरत असेल तर त्याला हा उपाय लागू नाही. आपली रेड कोणत्या तऱ्हेची आहे हे ज्याने बसवली त्याला आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.

दुसरी अडचण: इन्स्टॉलरजवळ हत्यारच नाही

नवी डिस्क दिसली, पण जुन्या दोन अजून सुट्याच. भाच्याने इन्स्टॉलर न चालवता पेन ड्राइव्हवरच लिनक्स सुरू केले, याला लाइव्ह म्हणतात. फाइलींच्या खिडकीतून डिस्क उघडायला गेलो तर संदेश आला की 'लिनक्स रेड मेंबर' ही फाइल-पद्धत माहीत नाही. आम्ही घाबरलो, भाचा मात्र हसला. कारण डिस्क स्वतःच सांगत होती की मी एका रेडची सदस्य आहे. कोरी डिस्क असे बोलत नाही.

लिनक्सच्या काही डेस्कटॉप आवृत्त्यांच्या पेन ड्राइव्हवर एमडीएडीएम नसतेच. त्यामुळे त्यांचा इन्स्टॉलर रेड जोडू शकत नाही आणि सुट्या डिस्क दाखवतो. डेबियनचा इन्स्टॉलर आणि उबंटूची सर्व्हर आवृत्ती यांना जुनी रेड सहसा आपोआप ओळखता येते. डेस्कटॉप आवृत्तीच हवी असेल तर मोबाइलचे इंटरनेट केबलने जोडून लाइव्हमध्ये एमडीएडीएम बसवून घ्यावे. दोन मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर 'एक्झामिन' ही आज्ञा. ती फक्त वाचते, काही लिहीत नाही, म्हणून निर्धास्त चालवावी. पहिल्या वेळी भाच्याने पूर्ण डिस्कचे नाव दिले, एसडीए, तर रेडचा पत्ताच नाही. मग एसडीए-१ असे विभागाचे नाव दिले तेव्हा सगळी कुंडली समोर आली. आमची रेड डिस्कच्या पहिल्या विभागावर केलेली होती. पूर्ण डिस्क आणि तिचा विभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवर रेड सापडली नाही तर दुसरीवर पाहावे, मगच निराश व्हावे.

ही कुंडली कोठे लिहिलेली असते ते कापडवाल्याला चटकन समजेल. मिलच्या थानावर मार्का छापलेला असतो: मिल, माल, मीटर. तो टोकाला असतो आणि टोक कापले गेले की थान कोणत्या गठ्ठ्यातले हे सांगता येत नाही. रेडचा मार्काही असाच. जुन्या ०.९० आणि १.० या प्रकारांत तो शेवटच्या टोकाला असतो, १.१ मध्ये अगदी सुरुवातीला, आणि आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या १.२ मध्ये सुरुवातीपासून ४ किलोबाइट आत. आमची उर्दू किताब मराठी माणसाला शेवटाकडून उघडल्यासारखी वाटते, तसेच काहीसे हे. कोणत्या टोकाकडून वाचायचे हे ठाऊक नसेल तर पुस्तक कोरे वाटू शकते. एक जुनी सोय सांगितली जाते की विभागाला 'एफडी' हा प्रकार दिला की लिनक्सचा गाभा रेड आपोआप जोडतो. ती फक्त ०.९० ला लागू आहे. १.२ असेल तर एफडी लिहून उपयोग नाही, जोडण्याचे काम एमडीएडीएमलाच करावे लागते.

तिसरी गोष्ट, जी आम्हाला ठाऊकच नव्हती

दोन्ही विभागांचे एक्झामिन शेजारी शेजारी ठेवले. संचाचा ओळख-क्रमांक दोन्हींवर एकच, म्हणजे दोघी सख्ख्या. पण 'अपडेट टाइम' पाहिला आणि आमच्या पायाखालची जमीन सरकली. पहिल्या डिस्कवर मशीन बंद पडल्याच्या दिवसाची तारीख होती, दुसरीवर चार महिन्यांपूर्वीची. 'इव्हेंट्स' नावाचा आकडाही दुसरीचा बराच मागे. म्हणजे दुसरी डिस्क चार महिन्यांपूर्वीच संचातून बाहेर पडली होती आणि आमचा धंदा इतके दिवस एकाच डिस्कवर चालला होता. दोन वह्या आहेत या भरवशावर आम्ही निवांत होतो आणि दुसरीत कोणी काही लिहीतच नव्हते.

आता विचार करा. मेकॅनिकने पहिल्या डिस्कवर लिनक्स टाकले असते तर हातात उरली असती चार महिने शिळी वही. आणि 'रेड पुन्हा बनवू' म्हणजे 'क्रिएट' ही आज्ञा. ती डिस्कवर नवा मार्का ठोकते आणि एका डिस्कवरचा मजकूर दुसरीवर उतरवू लागते. शिळी डिस्क ताजीवर उतरली असती तर पत्ताही लागला नसता. म्हणून आधीची रेड असताना क्रिएट कधीही चालवू नये. हवी असते ती 'असेंबल', म्हणजे आहे ते जोडणे.

भाच्याने असेंबल चालवले, तेही 'रीडओन्ली' लावून, म्हणजे फक्त वाचण्यापुरते. एमडीएडीएमने स्वतःच ताजी डिस्क घेतली, शिळी बाजूला ठेवली आणि सांगितले की दोनपैकी एका डिस्कवर संच सुरू केला आहे. संचाचे नाव जुने एमडी-० न दाखवता एमडी-१२७ दाखवले. नाव बदलले म्हणून डेटा गेला असे समजू नये. नव्या लिनक्सला हा संच आपल्या घरचा आहे हे माहीत नसते, म्हणून ते पाहुण्याला शेवटची खोली देते, इतकेच. माउंट करताना एकदा नकार आला, कारण वीज अचानक गेल्याने फाइल-पद्धतीची शेवटची नोंद अर्धवट होती आणि ती पुरी करायला लिहिण्याची परवानगी नव्हती. 'नोलोड' हा पर्याय जोडल्यावर फाइली उघडल्या. उधारीची खतावणी, बिले, सगळे शाबूत. तेथल्या तेथे बाहेरच्या यूएसबी डिस्कवर पूर्ण नक्कल काढली. ती निघेपर्यंत भाच्याने चहासुद्धा घेतला नाही.

काही मशीनवर एमडीस्टॅट फाइलमध्ये संच दिसतो, पण पुढे 'इनअ‍ॅक्टिव्ह' लिहिलेले असते. अर्धवट जुळणी झाली की असे होते. तेव्हा तो संच 'स्टॉप' करून पुन्हा असेंबल करावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

मग लिनक्स कसे टाकले

भाच्याने मशीन बंद केले, झाकण उघडले आणि दोन्ही जुन्या डिस्कच्या केबल काढून ठेवल्या. आता इन्स्टॉलरसमोर एकच डिस्क होती, नवी कोरी. चूक करायची म्हटली तरी करता आली नसती. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची युक्ती हीच, आणि तिला इंग्रजी यावे लागत नाही. अर्थात प्रणाली स्वतःच रेडवर असेल तर हे जमत नाही, तेव्हा रेड ओळखणारा इन्स्टॉलरच वापरावा लागतो.

लिनक्स बसल्यावर केबल परत लावल्या, एमडीएडीएम बसवले, संच जोडला. मग त्याची नोंद एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये उतरवली आणि 'अपडेट-इनिटरामएफएस' चालवले. हे शेवटचे राहिले तर फाइलीत नोंद असूनही मशीन सुरू होताना ती वाचली जात नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एमडी-१२७ समोर उभे राहते. एफस्टॅबमध्ये डिस्कचे नाव न लिहिता ओळख-क्रमांक लिहिला, नाव बदलले तरी अडत नाही.

राहिली शिळी डिस्क. ती का बाहेर पडली? 'स्मार्टसीटीएल' ने तिची तब्येत पाहिली. खराब झालेल्या जागांचा आकडा शून्य, पण १९९ क्रमांकाचा सीआरसी चुकांचा आकडा वाढलेला. हा आकडा बहुधा डिस्कच्या नव्हे तर केबलच्या दोषाने वाढतो. धुळ्याचा उन्हाळा, गोदामातील कापसाची पेळ आणि जुनी सैल केबल! केबल बदलली. मग 'अ‍ॅड' आज्ञेने डिस्क संचात घेतली. एक टेराबाइट उतरवायला तीन तासांच्या आसपास लागले आणि त्या वेळात एमडीस्टॅटमध्ये टक्केवारी सरकताना दिसत होती. शेवटी दोन उभे यू दिसले. दोन्ही डिस्क कामावर असल्या की तसे दिसते. एकीच्या जागी आडवी रेघ असेल तर समजावे की एक वही बंद आहे.

एक गोष्ट आमच्याच चुकीची, ती लपवत नाही. डिस्क बाहेर पडली की एमडीएडीएम ईमेल पाठवते. भाच्याने पहिल्याच वेळी आम्हाला ईमेलचा पत्ता मागितला होता. "नंतर देतो" म्हणून आम्ही टाळले आणि ती ओळ कोरीच राहिली. आता तेथे दुकानाचा पत्ता आहे आणि 'टेस्ट' लावून एक नमुना ईमेल येऊन पोचल्याची खात्री केली आहे. शिवाय मुनीमजींना सांगून ठेवले आहे की दर शुक्रवारी दुकान उघडल्यावर रोकड मोजण्याआधी एमडीस्टॅट उघडून दोन यू पाहायचे आणि रोजमेळाच्या कोपऱ्यात तारीख टाकून सही करायची. बाहेरची यूएसबी डिस्क दर महिन्याच्या अखेरीस जळगावला घरी येते. कारण रेडने दोन्ही डिस्क एकाच डब्यात ठेवल्या आहेत, आणि चुकून पुसलेले बिल ती दोन्हीकडून पुसते.

त्या मेकॅनिकला आम्ही नंतर बोलावून घेतले. रागावलो नाही, एक्झामिनची दोन्ही पाने छापून त्याच्यासमोर ठेवली. त्याने तारखा वाचल्या आणि पाने घडी करून खिशात घातली. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता: दुसऱ्या एका दुकानात डिस्क सुट्या दिसताहेत, चाचा, तुमच्या भाच्याचा नंबर द्या.